मलयानिल आणि मतलई

फाल्गुन लागला की शाळांतून 'वसंत ऋतू' हा निबंधाचा विषय हमखास येतो, आणि त्या विषयाबरोबर मलयानिलही येतो. आमच्या बडोद्यात मलय पर्वत पाहिलेला विद्यार्थी विरळाच. तरीही नववीतील मुले मलयगिरीवरून येणाऱ्या शीतल, मंद आणि सुगंधी वायूचे वर्णन निर्धास्तपणे करतात, आणि आम्ही शिक्षक त्याखाली तितक्याच निर्धास्तपणे बरोबरची खूण करतो. या व्यवहारात कोणाचे काही बिघडत नाही, असे आम्हांलाही अनेक वर्षे वाटत होते. परंतु एका निबंधावर आम्ही बरोबरच्या खुणेऐवजी फुली मारली, आणि ती फुली आमची चूक होती असे पुढे आढळून आले. त्या चुकीचा विचार करता करता मराठी वाङ्मयातील निसर्गवर्णनाविषयी जे प्रश्न आमच्या मनात उभे राहिले, ते परिषदेच्या सभासदांपुढे आणि विशेषतः शिक्षकबंधुभगिनींपुढे मांडावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हकीकत थोडक्यात अशी. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात कोकणातून नुकताच आलेला एक विद्यार्थी होता. वडिलांच्या बदलीमुळे त्याचे कुटुंब बडोद्यास आले होते. त्याने 'वसंत ऋतू'वरील निबंधात मलयानिलाचे नावही काढले नाही. त्याने लिहिले ते असे : आमच्या गावी शिमग्याच्या सुमारास काही दिवस सकाळपासूनच डोंगरावरून वारा उतरू लागतो. तो गरम असतो. त्याने ओठ फुटतात, अंगणात घातलेले पापड एका दिवसात कडकडीत वाळतात, आणि आजी म्हणते, आज खारा वारा यायला उशीर होणार. दुपार कलल्यावर समुद्राकडचा वारा सुटतो, तेव्हा कोठे जीव थाऱ्यावर येतो.

एवढ्या मजकुराभोवती आम्ही लाल शाईचे वर्तुळ काढले आणि समासात लिहिले : 'डोंगरावरील वारा थंड असतो. निरीक्षण चुकीचे.' दोन गुण कापले. मुलाने वही घेतली आणि काही न बोलता तो जागेवर जाऊन बसला. पुढच्या चाचणीत त्याने याच प्रकारच्या विषयावर लिहिताना शीतल, मंद, सुगंधी हे तिन्ही शब्द ओळीने घातले. आम्ही त्याला पूर्ण गुण दिले.

पुढे दोन वर्षांनी मार्च महिन्यात एका आप्ताच्या घरच्या मंगलकार्यासाठी चिपळूण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याजवळच्या एका गावी जाण्याचा योग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास आम्ही ओटीवर बसलो होतो. पूर्वेस सह्याद्रीची भिंत स्वच्छ दिसत होती. धुके नव्हते, ढगाचा ठिपकाही नव्हता. त्या दिशेने वारा येत होता आणि तो चुलीजवळ बसल्यासारखा तोंडावर लागत होता. धुऊन वाळत घातलेले धोतर आमचा चहा होईपर्यंत खडखडीत झाले. घरातील एका वृद्ध बाईंनी आभाळाकडे न पाहताच सांगितले की आज समुद्राचा वारा लवकर येत नाही. आम्हांला तत्क्षणी ती वही आठवली. तो मुलगा तोपर्यंत शाळा सोडून गेला होता.

बडोद्यास परतल्यावर आम्ही आमच्या भूगोलाच्या सहकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी जे समजावून दिले ते साहित्याच्या वाचकालाही कळण्याजोगे आहे, म्हणून येथे सांगतो. हवा वरून खाली उतरू लागली की तिच्यावरील दाब वाढतो, ती आकसते, आणि आकसताना तापते. कोरड्या हवेच्या बाबतीत हे तापणे दर हजार मीटर उतारास सुमारे दहा अंश सेल्सिअस इतके असते. पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर. तेव्हा दख्खनच्या पठारावरील तितक्या उंचीची कोरडी हवा समुद्रसपाटीपर्यंत उतरली, तर केवळ उतरण्यामुळेच ती साडेपाच अंशांनी अधिक उष्ण होईल. पठारावर चौतीस अंश असतील, तर खाली साडेएकोणचाळीस. हा हिशेब शाळकरी आहे. प्रत्यक्षात वाटेत हवा मिसळते, जमीन तापते, वाऱ्याचा वेग बदलतो. परंतु मूळ गोष्ट खरी आहे. डोंगराच्या माथ्यावर उभे असताना जो वारा थंड वाटतो, तोच पायथ्याशी येईतो गरम झालेला असतो. आम्ही समासात लिहिलेले वाक्य माथ्यावर उभ्या असलेल्या माणसाचे होते. मुलगा पायथ्याशी राहत होता.

याला आणखी एका गोष्टीची जोड मिळते. कोकणपट्टीत रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जो वारा वाहतो त्याला मतलई म्हणतात, आणि दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणाऱ्या वाऱ्याला खारा वारा म्हणतात. नेहमीच्या दिवशी मतलई सकाळी ओसरते आणि दुपारपर्यंत खारा वारा तिची जागा घेतो. परंतु हिवाळा संपताना आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी काही दिवस असे येतात की पठारावरून येणारे पूर्वेचे वारे जोर धरतात. मग मतलईची वेळ संपली तरी पूर्वेचा वारा हटत नाही, खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावरच थोपवून धरतो, आणि सारी किनारपट्टी तापते. मुंबईत सांताक्रूझ येथे २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश, आणि त्यापूर्वी १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश तापमान नोंदले गेले. समुद्रकाठच्या शहरात असे आकडे येतात ते समुद्राने पाठ फिरवल्याखेरीज येत नाहीत. हवामानखाते मुंबईच्या फाल्गुनातील उष्म्याचे कारण सांगताना पूर्वेचे वारे आणि उशिरा येणारा खारा वारा या दोहोंचा उल्लेख वारंवार करते. आंब्याच्या बागाइतदाराला हे कोणी सांगावे लागत नाही. अशा दिवसांत कोवळे फळ गळते आणि वाढलेले फळ उन्हाने भाजते, हे तो जाणतो.

म्हणजे ज्या गोष्टीवर आम्ही फुली मारली ती हवामानखात्याला ठाऊक होती, बागाइतदाराला ठाऊक होती, त्या मुलाच्या आजीला ठाऊक होती. ती ठाऊक नव्हती ती मराठीच्या शिक्षकाला. असे का व्हावे? आमच्या अज्ञानाचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु हे अज्ञान केवळ आमच्या एकट्याचे नसून त्याला एक दीर्घ आणि प्रतिष्ठित परंपरा आहे, असे आमचे म्हणणे आहे.

त्या परंपरेचा शास्त्रकार राजशेखर होय. त्याच्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथाविषयी बडोदेकरांना विशेष आपुलकी वाटावी, कारण गायकवाड प्राच्यग्रंथमालेतील पहिला ग्रंथ म्हणून तो १९१६ साली येथूनच प्रथम प्रकाशात आला. या ग्रंथात राजशेखराने कविसमयांचे, म्हणजे कवींच्या संकेतांचे, सविस्तर विवेचन केले आहे. जे जगात नाही ते असल्याचे वर्णावे, जे आहे ते नसल्याचे वर्णावे, आणि जे अनेक ठिकाणी आढळते ते एकाच ठिकाणी बांधून टाकावे, असे या संकेतांचे प्रकार आहेत. भूर्जपत्रे हिमालयावरच आणि चंदन मलयावरच, हा तिसऱ्या प्रकारचा नियम. पुढे कालविभागाच्या अध्यायात कोणत्या ऋतूत कोणत्या दिशेचा वारा वर्णावा याचीही चर्चा येते. आणि वस्तुस्थिती एक, कविसंकेत दुसरा अशी वेळ आली, तर प्रमाण कोणते मानावे, या प्रश्नावर राजशेखराचा कौल निःसंदिग्धपणे कविसंकेताच्या बाजूने पडतो.

हा निर्णय देणारा माणूस वस्तुस्थितीविषयी अज्ञ होता असे मुळीच नाही. देशविभागावर त्याने स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. इतकेच नव्हे, तर तो यायावर कुळातला, आणि त्याचा पणजोबा अकालजलद याचा गौरव 'महाराष्ट्रचूडामणि' असा झालेला. महाराष्ट्राशी असे नाते असलेला हा पंडित इसवी सनाच्या ९०० च्या सुमारास कनोजच्या राजसभेत बसून काव्याचे कायदे सांगत होता. कनोजच्या सभेला सह्याद्रीच्या पायथ्याचा वारा कसा लागतो याच्याशी कर्तव्य असण्याचे कारण नव्हते. तेथे दक्षिण ही एक दिशा होती, मलय हे एक नाव होते, आणि त्या नावाबरोबर येणारा शीतल सुगंध हा साऱ्या सभेने आधीच मान्य केलेला होता. संकेताचा फायदा हाच. तो दूरच्या माणसांना एकत्र आणतो. काश्मीरचा कवी आणि केरळचा रसिक यांना मलयानिल या एका शब्दात भेटता येते. हा लाभ लहान नव्हे, आणि आम्ही त्याला कमी लेखीत नाही.

परंतु येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्याला मलय म्हटले गेले तो कोणी परका पर्वत नव्हे. तो सह्याद्रीच्याच रांगेचा दक्षिणेकडील भाग होय. म्हणजे एकाच पर्वताच्या दक्षिण टोकाला आपल्या काव्याने चंदनाचा वारा दिला, आणि त्याच पर्वताच्या उत्तर भागात, ज्याच्या पायथ्याशी लक्षावधी मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली, तेथे खरोखर उतरणाऱ्या वाऱ्याला नावही दिले नाही. मतलई हा शब्द आहे. परंतु तो दिशेचा आणि वेळेचा शब्द आहे. मतलई बहुतेक रात्री सुखदच असते. ती वेळेपलीकडे रेंगाळली आणि तापली, तर त्या तापलेल्या वाऱ्याला निराळे नाव आमच्या वाचनात आलेले नाही. पंडित कवींपासून अगदी अलीकडच्या भावगीतांपर्यंत मलयानिलाचा संचार अखंड आहे. मतलईला मात्र भूगोलाच्या क्रमिक पुस्तकाखेरीज छापील पानावर फारसा प्रवेश मिळाला नाही.

कोणी म्हणेल, डोंगरावरून येणारा उष्ण वारा आपल्या काव्यात आहे की! विरहिणीला मलयानिल पोळतो, चंदनाने दाह होतो, चांदणे आग पाखडते. ही परंपरा संस्कृत महाकवींपासून जयदेवाच्या 'गीतगोविंदा'पर्यंत आणि आपल्या ज्ञानदेवांच्या विरहिण्यांपर्यंत चालत आली आहे. हे खरे आहे, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने ते फार उद्‌बोधकही आहे. कारण तेथे वारा पोळतो तो नायिकेच्या मनःस्थितीमुळे. वारा स्वभावतः शीतलच आहे, असे वाचकाने गृहीत धरले नाही तर त्या वर्णनातील सारे सौंदर्यच नाहीसे होते. म्हणजे डोंगरावरच्या वाऱ्याला उष्ण म्हणण्याची परवानगी काव्यशास्त्राने दिली, ती केवळ विरोधाभास म्हणून. ज्याला तो वारा खरोखरच उष्ण लागतो त्याने काय करावे? तो विरही नाही, नायक नाही. तो दहाच्या सुमारास डोक्यावर भारा घेऊन पायवाटेने चाललेला माणूस आहे. त्याच्या त्वचेच्या साक्षीला काव्यात जागा नाही. त्याने खरे सांगितले तर आम्ही त्याला अलंकार समजतो, आणि अलंकार नाही असे दिसले तर चूक समजतो. त्या मुलाच्या वहीवर आमच्या हातून नेमके हेच घडले.

यावर एक आक्षेप आमच्या संस्कृतच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी घेतला. ते म्हणाले, "मुख्याध्यापक, तुम्ही आता काव्याच्या गळ्यात उष्णतामापक अडकवणार काय? काव्याचे सत्य वेगळे, हवामानखात्याचे वेगळे." आक्षेप वजनदार आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. काव्याने वस्तुस्थितीची नक्कल करावी असे आम्ही म्हणत नाही. मलयानिल असलेली प्रत्येक कविता खोटी, असा न्याय लावला तर आपण फार मोठ्या धनाला मुकू. आमचा प्रश्न कवितेविषयी नाही, कवितेच्या पुढे जे घडते त्याविषयी आहे. संकेत कवीच्या हाती असतो तोवर ते साधन असते. तो परीक्षकाच्या हाती आला की कायदा होतो. राजशेखराने कवीला सांगितले की संकेत प्रमाण मान. आम्ही मुलाला सांगितले की तुझे अंग अप्रमाण मान. या दोन आज्ञांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि दुसरी आज्ञा देण्याचा अधिकार कोणत्याही काव्यशास्त्राने आम्हांला दिलेला नाही.

शिवाय आमच्या सहकाऱ्यांना ज्यांच्याविषयी सर्वाधिक आदर आहे, त्या कालिदासाची साक्ष काय सांगते? 'रघुवंशा'च्या चौथ्या सर्गात रघूचा दिग्विजय आहे. मलय आणि दर्दुर ओलांडून रघूची सेना समुद्राने दूर सोडलेल्या सह्य पर्वताकडे येते आणि अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, उतरते. येथे कवीला मलयानिल सोडून देण्याची केवढी सोय होती! परंतु केरळच्या त्या वर्णनात तो मुरला नदीवरचा वारा आणतो. त्या वाऱ्याने उडालेला केतकीचा पराग सैनिकांच्या चिलखतांवर बसतो आणि आयतेच सुगंधी चूर्ण होतो. नदीचे नाव आहे, झाडाचे नाव आहे, वाऱ्याने काय उचलले आणि कोठे टाकले तेही आहे. संकेतांच्या राज्यातील हा सम्राट स्वतः मात्र जागोजाग वस्तूकडे पाहून लिहितो. संकेत त्याला बांधत नाहीत, कारण त्याचे डोळे उघडे आहेत. कालिदासाच्या अनुयायांनी त्याचे संकेत घेतले आणि त्याची दृष्टी तेवढी मागे ठेवली, असे म्हटले तर फारसे अन्यायाचे होणार नाही.

मराठीत अर्वाचीन काळात ही दृष्टी परत आली. मालगुंडचे केशवसुत पोटासाठी देशावर आले, शिक्षक झाले, खानदेशात फैजपूर येथेही राहिले. नैर्ऋत्येकडील वाऱ्याला उद्देशून त्यांनी जी कविता लिहिली, तिच्यात वाऱ्याला मलयाचे तिकीट नाही. त्याला खरी दिशा आहे, कारण त्या दिशेला कवीची जन्मभूमी आहे. आमच्या मते मराठी कवितेतील वाऱ्याच्या इतिहासात हा एक महत्त्वाचा टप्पा आहे. वारा 'दक्षिण' या पारंपरिक दिशेकडून न येता नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल अशा ठिकाणाहून येतो, आणि तरीही कविता भूगोल होत नाही. उलट त्या अचूकपणामुळेच घराची ओढ खरी वाटते. समुद्राकडून घाट चढून देशावर येणाऱ्या वाऱ्याला असा कवी मिळाला. घाट उतरून समुद्राकडे जाणारा वारा अद्याप कवीची वाट पाहत आहे.

गद्यात दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे सांताक्रूझला तो ४१.७ अंशांचा दिवस पाहणाऱ्याच वर्षी. योगायोगापलीकडे या गोष्टीला अर्थ नाही. परंतु त्या पुस्तकाचे शिक्षकांसाठी जे महत्त्व आहे ते येथे सांगितलेच पाहिजे. महिन्यामागून महिना घेऊन, झाड, पान, फूल, आकाश यांकडे प्रत्यक्ष पाहून लिहिता येते, आणि असे लिहिताना संस्कृत काव्याची जाण अडचण न होता मदत होते, हे त्या पुस्तकाने दाखवून दिले. दुर्गाबाईंना संकेत ठाऊक होते, म्हणूनच संकेत कोठे संपतात आणि पाहणे कोठे सुरू होते हेही त्यांना ठाऊक होते. कादंबरीच्या क्षेत्रात श्री. ना. पेंडशांनी 'एल्गार', 'हद्दपार' आणि 'गारंबीचा बापू' या कादंबऱ्यांतून कोकणचा प्रदेश पडद्यावरच्या चित्रासारखा न ठेवता माणसांच्या स्वभावात आणि त्यांच्या भांडणतंट्यांत उतरवला. तरीही एकंदर मराठी वाचकाच्या मनातील कोकण पाहावे, तर ते हिरवे, ओले, नारळीपोफळींचे, आषाढश्रावणातले असते. आपल्या वाङ्मयातील कोकणाला पाऊस आहे. फाल्गुन फारसा नाही. करपलेले गवत, वाळलेले पऱ्हे, उघडा कातळ आणि त्यावरून सरकणारा कोरडा वारा हेही कोकणच आहे, आणि वर्षातील बरेच महिने तेच कोकण आहे.

अन्य भाषांकडे पाहिले असता हे उणेपण अधिकच जाणवते. आल्प्सच्या उत्तर उतारावर जो उष्ण वारा येतो त्याला तेथील लोकांनी 'फॉन' हे नाव दिले. तो सहारा वाळवंटातून येतो असा पूर्वी पुष्कळांचा समज होता. उतरताना हवा तापते हे त्याचे खरे कारण ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ हान याने १८६६ साली दाखवून दिले. म्हणजे युरोपातील विद्वानांनाही डोंगरावरून उष्ण वारा येऊ शकतो हे पटण्यास वेळ लागला, तेव्हा आमच्या फुलीला थोडी सोबत आहे! दक्षिण आफ्रिकेत उंच पठारावरून किनाऱ्याकडे उतरणारा हिवाळ्यातील उष्ण वारा 'बर्ग', म्हणजे नुसता 'डोंगरवारा', या नावाने ओळखला जातो. पठार, कडा आणि किनारा ही तेथील रचना आपल्या देश, घाट आणि कोकण या रचनेशी फार जुळते. म्हणून आपल्या वाऱ्याचे सख्खे भावंड कोठे शोधायचे तर ते आल्प्समध्ये न शोधता तेथे शोधावे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात आतल्या उंच वाळवंटी प्रदेशातून समुद्राकडे उतरणाऱ्या 'सँटा अ‍ॅना' वाऱ्याला तर वाङ्मयात मानाचे स्थान आहे. रहस्यकथाकार रेमंड चँडलर याने १९३८ सालच्या 'रेड विंड' या कथेचा आरंभच त्या वाऱ्याने केला, आणि माणसांची मने त्याने कशी ताणली जातात ते थोडक्या शब्दांत सांगितले. पुढे जोन डिडियन या लेखिकेने चँडलरचाच दाखला घेऊन त्या वाऱ्यावर लिहिले. तिचा तो निबंधसंग्रह १९६८ चा. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिस परिसरात याच वाऱ्याच्या झोतांनी वणवे भडकले आणि वस्त्याच्या वस्त्या जळाल्या, तेव्हा जगभरच्या वाचकांना त्या वाऱ्याचे नाव नवे नव्हते. वाङ्मयाने ते आधीच पोहोचवले होते. अर्थात येथेही एक धोका आहे. चँडलरनंतर त्या शहरातील गुन्ह्याच्या कथेत उष्ण वारा आणणे हाही आता एक संकेत होऊन बसला आहे. पाहिलेल्या वस्तूचा संकेत होण्यास फार काळ लागत नाही. म्हणून उद्या एखाद्या समर्थ मराठी लेखकाने मतलईला अमर केले, तर परवा आमच्या मुलांच्या निबंधांतून मलयानिलाच्या जागी मतलई येईल आणि बडोद्यातही ती वाहू लागेल. तसे झाल्यास आम्ही काही मिळवले असे होणार नाही.

तेव्हा एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द बसवणे हा उपाय नव्हे. उपाय आम्हां शिक्षकांच्या तपासण्याच्या रीतीत आहे. क्रमिक पुस्तकात फॉन आणि चिनूक यांची नावे असतात. रॉकी पर्वताखालचे बर्फ वितळवणारा वारा कोणता, हे आमचा विद्यार्थी पाठ म्हणून दाखवतो. आणि तोच विद्यार्थी मराठीच्या तासाला आपल्या गावचा वारा लिहितो, तेव्हा आम्ही त्याला परका करतो. भूगोलाच्या शिक्षकाने आणि भाषेच्या शिक्षकाने एकमेकांशी बोलावे, ही आमची पहिली सूचना. अशा एका संभाषणाने आमची चूक आम्हांला कळली; ते दोन वर्षे आधी झाले असते, तर ती घडलीच नसती.

दुसरी सूचना निबंधाविषयी आहे. 'वसंत ऋतू' हा विषय देण्याऐवजी 'आमच्या घरी या महिन्यात वारा कोणत्या बाजूने येतो?' असा विषय देऊन पाहावा. आम्ही तो गेल्या काही वर्षांत देऊन पाहिला आहे. आरंभी मुले गोंधळतात, कारण या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शिकेत नसते. मग ती गच्चीवर जातात, वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहतात, आजीला विचारतात. बडोद्याच्या मुलांनी दुपारच्या लूबद्दल लिहिले. खिडक्यांवर ओले पडदे टांगण्याबद्दल लिहिले. सूर्य मावळल्यावर नैर्ऋत्येकडून जी झुळूक येते ती खंबातच्या आखाताकडची असावी, असा तर्क एका मुलीने लढवला. भाषा साधी होती, काही ठिकाणी ओबडधोबडही होती. परंतु चाळीस वह्यांत चाळीस वारे होते, आणि तपासताना आम्हांला झोप आली नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे निबंध तपासले आहेत, त्यांना या विधानाचे मोल सांगण्याची आवश्यकता नाही.

तिसरी सूचना मलयानिलाविषयीच आहे, कारण त्याला वर्गातून हद्दपार करावे असे आम्हांला वाटत नाही. तो शिकवावा; परंतु काय म्हणून शिकवावा ते सांगून शिकवावा. हा कनोजच्या आणि काश्मीरच्या सभांनी जपलेला एक सुंदर संकेत आहे, याचा जन्म अमुक ठिकाणी झाला, हा विरहिणीला का पोळतो, आणि याच पर्वताच्या दुसऱ्या भागात वारा खरोखर कसा वागतो, हे सारे एकत्र सांगितले, तर मुलांना काव्यही कळेल आणि सह्याद्रीही. संकेत संकेत म्हणून ओळखता येणे, ही रसिकतेची पहिली पायरी आहे. त्याला वस्तुस्थिती समजणारा विद्यार्थी काव्याचाही खरा वाचक होत नाही.

राजशेखराशी आमचे भांडण एवढेच आहे, आणि ते हजार वर्षांच्या अंतरावरून आदर राखूनच करावयाचे आहे. कवी आणि रसिक यांच्यामधील करारात संकेत प्रमाण असेल. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यामधील करारात मुलाने जे अंगावर झेलले तेच प्रथम प्रमाण मानले पाहिजे. मागाहून आपण त्याला शब्द द्यावेत, परंपरा द्यावी, तुलना द्यावी. आधी मात्र त्याचे ऐकावे.

त्या विद्यार्थ्याचा पत्ता आम्ही शाळेच्या दप्तरातून काढून पत्र लिहिले होते. वडिलांची पुन्हा बदली झाल्यामुळे ते पत्र परत आले. कापलेले दोन गुण आता कोणत्याही पत्रकात भरता येत नाहीत. म्हणून येथे, या पानावर, लिहून ठेवतो की त्याचे निरीक्षण बरोबर होते.